जुन्या कॉम्प्युटरला एसएमपीएस निवडताना : काय करावे, काय टाळावे

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरातल्या एका जुन्या वाचनालयातून निरोप आला. तिथला ४८६ चालू होईना. डीबेसमध्ये भरलेली मराठी पुस्तकांची यादी त्याच्या हार्ड डिस्कवर होती आणि ती यादी वाचायला लागणारे जिस्ट कार्ड त्याच्याच स्लॉटमध्ये. पुण्याच्या सी-डॅकचे हे कार्ड. डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची ती त्याच्यामुळे. आजच्या मदरबोर्डवर ते बसवायला स्लॉटच नसतो. ग्रंथपाल बाईंचा भाचा नवा एसएमपीएस आणि कन्व्हर्टर वायर घेऊन तयार होता. "काका, साडेचारशे वॅटचा आणलाय. जुना दोनशेचाच होता. घालू की, त्यात काय एवढं!"

मी त्याला थांबवले. जुना कॉम्प्युटर नुसते वॅट मागत नाही. पाच व्होल्टवर इतके अँपिअर, बारावर तितके, कधी उणे पाचवर थोडेसे, असा सुटा सुटा हिशेब मागतो. तो चुकला तर काही शे रुपयांच्या डब्यापायी पुन्हा न मिळणारी वस्तू जळते. कुणाच्या फाउंड्रीत धातू तपासायच्या यंत्राला विंडोज ९८ चा डबा जोडलेला असेल, कुणाच्या छापखान्यात डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली) लावलेला पेंटियम असेल, कुणी घरी हौसेने पहिला कॉम्प्युटर जपला असेल. त्या सगळ्यांसाठी हे टिपण.

बाजारात जाण्याआधी

करावे : जुन्या एसएमपीएसवरचे लेबल पुसून नीट वाचावे आणि त्याचा फोटो काढावा. एकूण वॅटच्या आकड्याकडे नंतर बघावे. आधी +५, +१२, −५, −१२ आणि (असेल तर) +३.३ यांच्यापुढचे अँपिअर वहीत उतरवावेत. आयबीएमचा १९८१ चा पहिला पीसी ६३.५ वॅटच्या सप्लायवर चालत असे आणि १९८४ च्या एटी मॉडेलला १९२ वॅट पुरत. तेव्हा वॅट कमी पडतील ही भीती बहुतेक जुन्या मशीनबाबत खरी नाही.

करावे : प्रत्येक ड्राइव्हच्या लेबलवरचे आकडे बेरजेला घ्यावेत. जुनी हार्ड डिस्क फिरायला लागताना पहिले काही सेकंद बारा व्होल्टवर लेबलपेक्षा बराच जास्त करंट ओढते. तेवढी जागा हिशेबात सोडावी.

टाळावे : "४५० वॅट" हा आकडा बघून पैसे देणे. नव्या एसएमपीएसची जवळजवळ सगळी ताकद बारा व्होल्टच्या लाइनवर असते, कारण आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तिथूनच खातात. जुन्याचे जेवण पाच व्होल्टवर. उदाहरण घ्या. १.४ गिगाहर्ट्झचा अथलॉन थंडरबर्ड जास्तीत जास्त ७२ वॅट घेतो. त्या काळच्या पुष्कळ बोर्डांवर ही वीज पाच व्होल्टमधून घेतली जाते. ७२ ला ५ ने भागले की १४.४ अँपिअर. बोर्डावरच्या रेग्युलेटरची गळती धरली तर अठराच्या घरात. मेमरी, कार्डे, ड्राइव्ह अजून मोजलेच नाहीत! आजच्या मध्यम दर्जाच्या एसएमपीएसवर पाच व्होल्टला वीसएक अँपिअर छापलेले असतात, आणि ३.३ व ५ मिळून एकत्र मर्यादा शंभर-सव्वाशे वॅटच्या आसपास असते. ती ओळ लेबलवर बारीक अक्षरात असते. तीच आधी शोधावी.

करावे : अशा बोर्डावर चार पिनांचा चौकोनी १२ व्होल्टचा सॉकेट आहे का बघावे. पेंटियम ४ बरोबर, २००० च्या सुमारास, तो आला. तो असेल तर प्रोसेसर बहुधा बारा व्होल्टवर चालतो आणि चांगला नवा एसएमपीएस बिनघोर चालेल. नसेल, तर पाच व्होल्टवर दमदार असलेलाच हवा.

करावे : नवाच घ्यायचा तर पाच आणि ३.३ व्होल्ट स्वतंत्र डीसी-डीसी कन्व्हर्टरने बनवणारा घ्यावा, चार पैसे जास्त गेले तरी. स्वस्त डब्यांत पाच आणि बारा एकाच ट्रान्सफॉर्मरवर आणि एकाच नियंत्रणावर बांधलेले असतात. पाचवर भार जास्त आणि बारावर कमी पडला, म्हणजे जुन्या मशीनची नेहमीची स्थिती झाली, की पाच खाली घसरतो आणि बारा वर चढतो. बिचारी डिस्क दोन्हीकडून मार खाते.

सॉकेट बसला म्हणजे जमले असे नाही

करावे : एटी बोर्डावर पी-८ आणि पी-९ हे दोन सहा-सहा पिनांचे प्लग लावताना काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना लागून येतील असे लावावेत. काळ्याला काळी. उलटे बसवले की बोर्ड गेला. ते उलटेही सहज बसतात, म्हणून स्विच मारण्याआधी दुसऱ्या माणसाला एकदा बघायला सांगावे. मी अजूनही सांगतो.

टाळावे : वीस पिनांचा प्लग बसतो एवढ्यावरून तो एटीएक्स (एटीनंतर आलेले माप) आहे असे धरून चालणे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेलच्या काही मॉडेलांत सॉकेट एटीएक्ससारखाच, पण वायरींचा क्रम वेगळा होता. कॉम्पॅकच्याही कित्येक मॉडेलांचे सप्लाय स्वतःच्याच मापाचे असत. कंपनीचा तयार कॉम्प्युटर असेल तर जुन्या प्लगची एकेक पिन, वायरच्या रंगासकट, कागदावर काढून घ्यावी. मगच नवा जवळ आणावा.

करावे : एटी कॅबिनेटमध्ये एटीएक्स एसएमपीएस घालायला हरकत नाही. उंची-रुंदी आणि स्क्रूची भोके बहुतेक ठिकाणी जुळतात. प्रश्न येतो स्विचचा. एटीच्या पुढच्या स्विचपर्यंत २३० व्होल्टची वायर आलेली असते, एटीएक्सच्या स्विचवर फक्त हिरव्या आणि काळ्या वायरची बारीक जोड असते. जुनाच खटका ठेवता येतो, कारण तो दाबला की दाबलेला राहतो. मात्र त्यावरच्या मेनच्या चारही वायरी पूर्ण काढून टाकाव्यात आणि मगच त्याला हिरवी-काळी जोडावी.

टाळावे : एटी स्विचच्या वायरींचे रंग बघून अंदाजाने जोडणी करणे. कारखान्यागणिक रंग बदलतात. चुकीच्या जोडणीत लाइन आणि न्यूट्रल थेट भिडतात आणि मेनचा फ्यूज उडतो, तोही नशीब चांगले असेल तर. मल्टिमीटरच्या बीप रेंजवर कोणती जोडी कशी जुळते ते पाहावे, प्लग भिंतीतून काढून.

उणे पाच व्होल्टची गोष्ट

हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण दुकानात याबद्दल कुणी बोलत नाही.

जुन्या एसएमपीएसमधून एक पांढरी वायर येते. ती −५ व्होल्टची. २००३ च्या सुमारास ती एटीएक्समधून गेलीच. आज मिळणाऱ्या नव्या डब्यात त्या जागी रिकामी पिन असते आणि बाजारातल्या साध्या कन्व्हर्टर वायरमध्येही तिथे काही नसते. बहुतेक ४८६ आणि पेंटियम तिच्यावाचून चालतात. पण सुरुवातीच्या पीसीतल्या ४११६ या मेमरी चिपला +५, +१२ आणि −५ असे तिन्ही लागतात, आणि उणे पाच नसताना बारा व्होल्ट दिले तर ती चिप बिघडू शकते. काही जुनी साउंड कार्डेही −५ मागतात.

करावे : आपल्या कार्डांना −५ लागते का, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे. आयसा कार्ड काढून सोल्डरची बाजू आपल्याकडे करावी. मागच्या लोखंडी पट्टीकडून पाचवी सोनेरी पट्टी मोजावी. तिच्यापासून कार्डावर ट्रॅक गेला असेल तर कार्ड −५ वापरते. पट्टीच नसेल किंवा ट्रॅक नसेल तर काळजी नाही. वाचनालयातल्या मशीनची सगळी कार्डे मी अशीच एकेक काढून खिडकीच्या उजेडात पाहिली. वीस मिनिटांचे काम.

करावे : −५ लागतच असेल तर −१२ मधून ७९०५ रेग्युलेटरने ते बनवता येते. इनपुटला २.२ आणि आउटपुटला १ मायक्रोफॅरडचे टँटलम कंडेन्सर लावावेत. सगळे मिळून खर्च फार तर चहा-नाश्त्याचा.

टाळावे : ७९०५ ला ७८०५ सारखा समजून जोडणे. ७८०५ मध्ये पहिली पिन इनपुट आणि मधली ग्राउंड. ७९०५ मध्ये पहिली ग्राउंड, मधली इनपुट. शिवाय ७९०५ ची पाठीची धातूची पट्टी इनपुटला, म्हणजे −१२ ला, जोडलेली असते. ती तशीच कॅबिनेटच्या पत्र्याला स्क्रूने आवळली की −१२ शॉर्ट. मध्ये अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा वॉशर हवाच.

−१२ कडेही एकदा बघावे. सीरियल पोर्ट त्याच्यावर चालतो. यंत्राला सीरियल वायरने जोडलेला कॉम्प्युटर "चालू होतो पण यंत्राशी बोलत नाही" असे झाले, की मी आधी निळ्या वायरवर मीटर लावतो.

जुनाच दुरुस्त करावा का?

मला विचाराल तर, जमत असेल तर जुनाच दुरुस्त करावा. त्याचे अँपिअर त्या मशीनला बेतूनच ठेवलेले असतात.

करावे : दुरुस्तीला टीव्ही दुरुस्त करणारा जुना, हात बसलेला मेकॅनिक गाठावा. कॉम्प्युटरच्या दुकानात एसएमपीएस बदलतात, उघडत नाहीत. उद्यमनगरात मोटर ड्राइव्हची कार्डे दुरुस्त करणारे आहेत, त्यांनाही हे काम परके नाही. कंडेन्सर १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचे घ्यायला सांगावे. माथा फुगलेला किंवा बुडाशी तपकिरी डाग पडलेला कंडेन्सर ओळखायला मीटर लागत नाही.

टाळावे : स्वतः शिकलेले नसताना डबा उघडणे. आतल्या मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात.

करावे : मेनच्या तोंडाशी पिवळसर पारदर्शक, बारीक तडे गेलेला चौकोनी कंडेन्सर दिसला तर तो चालू स्थितीत असला तरी बदलून घ्यावा. आत कागद असतो, तड्यांतून दमट हवा शिरते, आणि एके दिवशी धूर काढून तो फुटतो. १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास प्रकल्पातून देशातल्या शाळांत बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर पोचले होते. त्या मॉडेलच्या सप्लायमधला हा कंडेन्सर याच दुखण्यासाठी जगभर ओळखला जातो. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल येते, तिथे त्याला फुटायला निमित्तही लागत नाही.

करावे : १९९९ ते २००७ या काळातला एटीएक्स असेल तर मशीन बंद असतानाच जांभळ्या वायरवरचे व्होल्ट मोजावेत. ही पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन प्लग लावल्यापासून जिवंत असते. काही जुन्या डब्यांत तिच्या सर्किटमधला एक छोटा कंडेन्सर सुकला की व्होल्ट वर चढतात आणि बोर्ड बंद अवस्थेतच मरतो. म्हणून हे मोजमाप बोर्डाला न जोडता करावे, आणि काम झाले की भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय ठेवावी.

पहिल्यांदा स्विच मारताना

टाळावे : नवा किंवा दुरुस्त केलेला एसएमपीएस सरळ मदरबोर्डाला लावून चालू करणे.

करावे : आधी सिरीज बोर्डवर घ्यावा. रेडिओवाल्यांकडे असतो तोच, शंभर वॅटचा तारेचा बल्ब मध्ये असलेला. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, प्लग काढावा.

करावे : मग भार द्यावा. जुने एटी एसएमपीएस भाराशिवाय सुरूच होत नाहीत, किंवा चुकीचे व्होल्ट दाखवतात. पाच व्होल्टवर ५ ओमचा १० वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर लावला की बरोबर १ अँपिअर जातो. बारावर गाडीचा २१ वॅटचा बल्ब, पावणेदोन अँपिअरचा. गॅरेजमध्ये मागितला तर जुना सहज मिळतो. रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो, लाकडी टेबलावर ठेवू नये.

करावे : काळी तार काळ्या वायरला, लाल तार एकेका लाइनला लावून आकडे लिहावेत. +५ हा ४.७५ ते ५.२५ मध्ये हवा, +१२ हा ११.४ ते १२.६ मध्ये. −१२ ला दहा टक्क्यांची सूट आहे. मशीन जोडल्यावर, डिस्क फिरत असताना आणि तासाभरानंतर पुन्हा मोजावे. थंड असताना चांगला वाटणारा सप्लाय गरम झाल्यावर खरा कळतो.

टाळावे : फ्लॉपीचा छोटा प्लग घाईत लावणे. तो उलटा बसला की पाचच्या जागी बारा व्होल्ट जातात आणि ड्राइव्ह संपतो. साटा-टू-मोलेक्सच्या ओतीव प्लॅस्टिकच्या वायरीही घेऊ नयेत, त्यांत आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागू शकते. जास्त मोलेक्स लागत असतील तर मुळातच जास्त मोलेक्स असलेला एसएमपीएस शोधावा.

टाळावे : अमेरिकेहून कुणी आणून दिलेले मशीन मागची व्होल्ट निवडायची लाल पट्टी न बघता प्लगमध्ये घालणे. ती ११५ वर असेल आणि आपले २३० आत गेले, तर मोठा आवाज होतो. पट्टीच नसेल आणि फक्त ११५ लिहिले असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

कोल्हापूरची हवा, कोल्हापूरची वीज

करावे : अर्थिंग तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. मेनच्या फिल्टरमुळे पत्रा लाइन आणि न्यूट्रलच्या मधोमध, साधारण ११५ व्होल्टवर तरंगत असतो. करंट थोडा असतो, माणसाला फक्त झटका देतो. पण अशा मशीनला चालू स्थितीत प्रिंटरची वायर लावली की पॅरलल पोर्टची चिप जाते, आणि त्याच पोर्टला तुमचे डोंगल असते. जुन्या वाड्यांत तीन भोकांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते.

टाळावे : फाउंड्रीत किंवा वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मशीनच्याच लाइनवर कॉम्प्युटर लावणे. स्वतंत्र लाइन आणि मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा. फाउंड्रीतली काळी पूड पंख्यावाटे एसएमपीएसमध्ये जाऊन बसते, आणि तिच्यात धातू असतो, पावसाळी दमटपणात ती वीज वाहू लागते. दर पावसाळ्यापूर्वी, प्लग काढून, ब्लोअरने साफ करून घ्यावे.

टाळावे : घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲक्टिव्ह पीएफसी असलेला नवा एसएमपीएस चालवणे. काही जोड्या जमतात, काही गुरगुरतात आणि बंद पडतात. इन्व्हर्टर वापरायचाच तर मागचा खटका यूपीएस मोडवर ठेवावा. लाइट गेल्यावर एसएमपीएस जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, तेवढ्यात बदल व्हायला हवा.

टाळावे : पुराच्या पाण्यात गेलेला एसएमपीएस वाळवून पुन्हा वापरणे. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी ओलांडली, तेव्हा घराघरांतून असे डबे उन्हात मांडलेले दिसत होते. पाणी उडून जाते, गाळ आणि क्षार ट्रान्सफॉर्मरच्या वळ्यांत राहतात. मदरबोर्ड आणि कार्डे धुऊन, नीट वाळवून वाचवता येतात. एसएमपीएस मात्र सोडून द्यावा. त्याची वायर आणि प्लग कापून ठेवावेत, कन्व्हर्टर बनवायला उपयोगी पडतात. आणि मशीन उघडलेच आहे तर बोर्डावरची निळी पिंपासारखी बॅटरी पाहावी. हिरवट बुरशी दिसली तर ती आधी काढावी, नाहीतर दोष उगाच नव्या एसएमपीएसच्या माथी जातो.

वाचनालयातल्या मशीनचे निदान साधेच निघाले. डिस्क फिरायला लागली की पाच व्होल्ट ४.६ वर यायचे आणि बोर्ड जागच्या जागी थांबायचा. राजारामपुरीतल्या एका टीव्ही मेकॅनिकने पाच कंडेन्सर बदलून दिले. भाच्याने आपण आणलेला नवा डबा परत केला, कन्व्हर्टर वायर मी ठेवून घेतली.

करावे : मशीन सुरू झाल्यावर पहिले काम डिस्कवरचा मजकूर बाहेर काढण्याचे. रंगरंगोटी, सफाई, दाखवादाखवी सगळे नंतर. आम्ही सीरियल वायर लावून लॅपटॉपवर यादी उतरवायला घेतली. काम संथ चालले होते. बाई पडद्यावर सरकणारी नावे वाचत होत्या, भाचा मोलेक्सच्या मोकळ्या प्लगमध्ये मीटरच्या तारा धरून उभा होता आणि दर पाच मिनिटांनी आकडा सांगत होता. पावणेदोन तासांत तो ५.०२ वरून हलला नाही.